एसीएलचं ऑपरेशन फसलं : आधी फेरशस्त्रक्रिया की आधी भरपाईचा दावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

खेळताना धाकट्या भावाचा गुडघा मुरगळला. 'टक्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला, बघता बघता गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं दिसलं. मग दुर्बिणीतून ऑपरेशन, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, म्हणजे मांडीमागच्या स्नायूची दोरी (कंडरा) काढून लिगामेंटच्या जागी बसवली.

त्याला आता ११ महिने झाले. सरळ चालतो, जिना चढतो. पण पटकन वळला की गुडघा सटकतो. पहिले डॉक्टर म्हणत राहिले, "व्यायाम कमी पडतोय." फिजिओची एक तारीख त्याने बुडवलेली नाही, वही आहे आमच्याकडे. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. सीटी बघून ते म्हणाले, ग्राफ्ट बसवायला मांडीच्या हाडात पाडलेला बोगदा चुकीच्या जागी, फार उभा पडलाय. ग्राफ्ट नडगीला पुढे सरकू देत नाही, पण वळताना गुडघा धरून ठेवत नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. हे सगळं तोंडी हं. लिहून द्या म्हटलं तर हसून विषय बदलला.

खरी अडचण अशी, की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जुना ग्राफ्ट काढला की पुरावाच गेला ना? थांबावं, तर तोवर गादी आणि कूर्चा झिजतील ही भीती. शिवाय नडगीच्या वरच्या भागावर बधिरपणा आहे, तोही दाव्यात घालावा का? हाती फक्त डिस्चार्ज कार्ड आहे.

प्रतिसाद १
दाव्यासाठी उपचार थांबवू नका. सटकणाऱ्या गुडघ्यात गादी फाटते, ते नुकसान वेगळंच. ऑपरेशनआधी सीटीच्या मूळ प्रतिमा सीडीवर घ्या, नुसता रिपोर्ट नको. नव्या सर्जनना "चूक झाली" असं लिहायला लावू नका, कोणी लिहिणार नाही. "बोगदा कुठे आहे, ग्राफ्टची अवस्था काय" एवढंच ऑपरेशन नोट्समध्ये नोंदवा म्हणा आणि दुर्बिणीतले फोटो मागा. पहिल्या रुग्णालयाकडे ऑपरेशन नोट्स, संमतीपत्र, सगळे केस पेपर लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. बधिरपणावर भर देऊ नका. ग्राफ्टसाठी हॅमस्ट्रिंगची कंडरा काढून घेताना तिथली त्वचेची नस दुखावणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, तेवढ्यावर दावा टिकणं अवघड.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, एक भर. ऑपरेशन फसणं आणि निष्काळजीपणा या दोन गोष्टी आहेत. नीट बसवलेला ग्राफ्टही कधी कधी सैल पडतो. बोगद्याची जागा हा मुद्दा भक्कम, पण तो स्वतंत्र अस्थितज्ज्ञाच्या लेखी मतावरच उभा राहतो. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून डॉक्टरवर फिर्याद न करता भरपाई मिळण्याची सोय आहे, पण बहुतेक ठिकाणी चूक रुग्णालाच सिद्ध करावी लागते. दाव्याची मुदत ऑपरेशनच्या तारखेपासून मोजतात की चूक कळल्यापासून, हे वकिलाला आजच विचारा. आणि भाऊ मधे खेळायला उतरला होता का? समोरची बाजू पहिलं तेच विचारेल.

धागाकर्ता
दोघांचे आभार. खेळायला नाही, पण सातव्या महिन्यात एकदा पळाला होता, ते त्या वहीतही लिहिलंय. वही तशीच द्यायची ना?

प्रतिसाद २
तशीच. पानं फाडू नका.