मदत हवी आहे: पाळणाघरात सोडताना मुलगा आकांत करतो

रिकामी_वाटी: नऊ दिवस झाले, रोज तेच. पाळणाघराचा जिना आला की माझी ओढणी मुठीत धरतो, सोडतच नाही. तिथे पाणीसुद्धा पीत नाही. माझी रजा संपतेय, सोमवारी ऑफिसला जावंच लागणार. लवकर सांगा, काय करू?

साखरभात: वय किती? किती तास ठेवता? आधी कोण सांभाळायचं?

रिकामी_वाटी: दीड वर्षाचा. साडेनऊ ते सहा. आधी घरी मावशी यायच्या, त्या गावी गेल्या त्या गेल्याच.

बंडूकाका: पहिल्या दिवसापासून साडेआठ तास? आमच्याकडे आजी होती, पाळणाघर लागलंच नाही.

साखरभात: काका, आजी कुठून आणायची ते पण सांगा मग.

लोकल_डबा: ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं आहेत का? मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पाळणाघराची सोय कंपनीने करायची, आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाता येतं. एचआरला लेखी विचारा.

रिकामी_वाटी: आम्ही १२ जण आहोत, मालक धरून.

म्युनिकची_मावशी: इथे बर्लिन पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तिथेच कोपऱ्यात बसून राहतात, तासभर. चौथ्या दिवशी पहिल्यांदा ‘येते हं’ सांगून काही मिनिटं बाहेर. ताईंकडून शांत होतोय असं दिसलं की मग वेळ वाढवायचा. आम्हाला तीन आठवडे लागले.

बंडूकाका: आमचा साहेब तीन तास देत नव्हता!

साखरभात: वाटी, तुम्ही निघता कशा?

रिकामी_वाटी: ताई खिडकीत कबुतरं दाखवतात, तेवढ्यात मी सटकते.

साखरभात: मग धरणारच ना ओढणी! नजर हटली की आई गायब, हे त्याला कळलंय. सांगून निघा. रडेल. पण परत मागे फिरू नका.

चिऊचा_बाबा: ओढणीच ठेवा तिथे, न धुतलेली. आमची चिऊ माझा बनियन कवटाळून झोपायची. बायको अजून चिडवते.

गुळपोळी: घरचा पेला दिलाय का? आणि अंगावर पितो का अजून?

रिकामी_वाटी: पेला नाही दिला. अंगावरचं पाळणाघर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तोडलं. म्हटलं, एकदमच उरकू.

गुळपोळी: अहो, हे आधी नाही का सांगायचं! मावशी गेल्या, दूध गेलं, वर आईही सटकते. रात्रीचं तरी परत सुरू करा.

लोकल_डबा: एकदा तोडलेलं परत नको. सवय लागते.

गुळपोळी: दीड वर्षाच्या पोराला आईची सवय नको तर कोणाची हवी?

रिकामी_वाटी: आज सांगून निघाले. खाली रिक्षापर्यंत रडणं ऐकू येत होतं, माझेही डोळे भरले. साडेदहाला ताईंचा फोटो आला: ओढणी डोक्यावर घेऊन बसलाय, हातात घरचा पेला. तोंड अजून रडवेलंच आहे. काल रात्री दूध दिलं, लोकल_डबा, माफ करा. बॉसकडे आठवडाभर अर्धा दिवस मागितलाय, बघू.

बंडूकाका: पाळणाघराची फी किती हो? नातीसाठी विचारतोय.