मुलगा डोलुओ समजतो, बोलत नाही. आजीच्या गोष्टींमध्ये भाषांतर करावं का?

नैरोबीची सून:
माझे यजमान केनियातल्या लुओ समाजाचे आहेत, त्यांची भाषा डोलुओ. सहा वर्षांचा मुलगा माझ्याशी मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी आणि स्वाहिली. डोलुओ त्याला कळते, पण उत्तर इंग्रजीत देतो. सासूबाई सियायाहून महिनाभरासाठी आल्यात. जेवणं झाली की त्याला अप्वोयोची, म्हणजे सशाची, गोष्ट सांगतात. त्यांच्या लहानपणी पोरं आजीच्या घरात, सिविंधेत, निजायची; गोष्टी, कोडी, रीतभात सगळं तिथेच शिकायची. इथे मुलगा दर वाक्याला अडवतो, मग हे इंग्रजीत सांगतात आणि सासूबाई गप्प होतात. त्यांचा चेहरा बघवत नाही. भाषांतर बंद करू का?

हरारेत बारा वर्षं:
बंद करा, ताई. आमच्या शेजारच्या आजी ‘पाइवापो’ म्हणून इथल्या शोना भाषेत गोष्ट सुरू करायच्या आणि वाक्यागणिक मुलांनी ‘ड्झेपफुंडे’ म्हणायचं. आपला हुंकाराच. तो थांबला की आजी थांबायच्या. अर्थ मागून येतो, आधी तोंड उघडू द्या. गोष्टीत गाणं असेल तर तेच रोज म्हणायला लावा.

मोम्बासावाली:
इथेही सांगणारा ‘पाऊक्वा’ म्हणतो, ऐकणारे ‘पाकावा’. माझ्या लेकीचं स्वाहिली तिथूनच सुटलं. यजमानांना गोष्टीच्या वेळी दुसऱ्या खोलीत बसू द्या. सोपी वाट दिसली की मूल तीच धरतं. आणि सासूबाईंचा आवाज रेकॉर्ड करा, नुसतं लिहून ठेवू नका. डोलुओत सुरावर अर्थ बदलतो आणि लिहिताना सूर दाखवत नाहीत.

नैरोबीची सून:
आठ दिवसांनी लिहितेय. हे आता स्वयंपाकघरात बसतात. पहिले दोन दिवस मुलगा रडला, तिसऱ्या दिवशी गाणं म्हणाला. गोष्ट संपताना डोलुओत ‘थु तिंदा’ म्हणतात आणि मामाच्या घरच्या झाडाएवढं उंच होऊ दे असं मागतात. काल त्याने मोडक्यातोडक्या डोलुओत आजीला विचारलं, माझ्या मामाकडे कुठलं झाड? सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी देवगडच्या परसातला फणस सांगितला. फणसाला डोलुओ शब्द मला येईना, म्हणून हात पसरून दाखवला. सासूबाईंनी आज गोष्टीच्या शेवटी देवगड म्हटलं.