'इन्स्टन्स ऑफ' आणि 'कास्टेबल अ‍ॅज', दोन्हीला 'टाइप तपासणे' म्हणायचं का?

एक्सएसएलटीच्या (एक्सएमएल डॉक्युमेंटचं रूप बदलायची भाषा) नोट्स मराठीत लिहितोय. रनटाइमला टाइप बघायला 'इन्स्टन्स ऑफ' पण आहे आणि 'कास्टेबल अ‍ॅज' पण. दोन्हीकडे 'टाइप तपासणे' लिहिलं तर चालेल?

— नका लिहू, शिकणाऱ्याचा गोंधळ तिथेच सुरू होतो. पहिला विचारतो 'आहे का' आणि दुसरा विचारतो 'होईल का'. कोट्समधला '५' घ्या, ती स्ट्रिंग, इंटिजर आहे का तर नाही, होईल का तर हो. कोट्स काढले की मग इंटिजर आहेच, आणि डेसिमल आहे का विचारलं तरी ट्रूच येतं कारण इंटिजर हा डेसिमलचाच पोटप्रकार, डबलला (फ्लोटिंग पॉइंट आकडा) मात्र फॉल्स, तो टाइपच वेगळा.

— वरच्याशी सहमत, आणि रोजच्या कामात 'होईल का'च जास्त लागतं. स्कीमा (कुठे कोणता टाइप ते ठरवणारी फाइल) नसेल तर अ‍ॅट्रिब्यूटमधे २०२४-०२-२९ लिहिलेलं आपल्याला तारीख दिसते पण प्रोसेसरच्या लेखी तो नोड (डॉक्युमेंटचा एक घटक), त्यातली व्हॅल्यू काढली तरी ती 'अनटाइप्ड अ‍ॅटॉमिक', म्हणजे टाइप न ठरलेली, त्यामुळे 'डेट आहे का' विचारत बसलात तर कायम फॉल्स. कास्टेबलला विचारा, ट्रू येईल. तिथेच ०२-३० टाकून बघा, लगेच फॉल्स! म्हणजे नुसता आकड्यांचा साचा नाही, कॅलेंडरसुद्धा बघितलं जातं. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० मधे यातलं काही नव्हतं, नंबर करून तो स्वतःशीच जुळतो का बघायचं, नाही जुळला तर एनएएन, म्हणजे 'नंबर नाही'. २००७ ला २.० आलं तेव्हा हे ऑपरेटर मिळाले.

मस्त, 'आहे का / होईल का' हेच घेतो. मग 'ट्रीट अ‍ॅज'ला काय? 'रूपांतर'?

— रूपांतर 'कास्ट अ‍ॅज'साठी ठेवा. ट्रीट अ‍ॅज काहीच बदलत नाही, 'हे अमुकच आहे असं धरून चाल' एवढंच सांगतो आणि तसं नसलं तर रन होताना एरर देतो. मी 'धरणे' वापरेन.

— नोट्समधे प्रश्नचिन्हाचं पण लिहा प्लीज. टाइपच्या नावापुढे ते लावलं की अ‍ॅट्रिब्यूटच नसला तरी चालतं, नाही लावलं तर तारखेचा अ‍ॅट्रिब्यूटच नसलेल्या रेकॉर्डला कास्टेबल फॉल्स म्हणतो आणि नसलेली व चुकीची भरलेली तारीख एकाच ढिगात जाते.