पगार वाढला, पण ईएसआय जाणार. ३,७०० रुपये कसे लावू?

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत स्टोअरला आहे. मेपासून पगार १९,५०० चा २३,५०० झाला. कापाकापी होऊन आधी हातात १७,६०० यायचे, आता २१,३००. घरी आई, बायको, तीन वर्षांची मुलगी. मानेवाड्याला वडिलांनी बांधलेलं घर आहे, त्यामुळे भाडं नाही.

वाढीव चार पगार झाले, शिल्लक शून्य. नवतपात कूलरची मोटर जळली. नवी मोटर टाकायची सोडून, पगार वाढतोच आहे म्हणून मी एसी उचलला. १,९५० चा हप्ता, १८ महिने. उरलेले १,७५० कुठं मुरतात ते पाहायला परवा मोबाइलवरचे खर्च वहीत उतरवले. चाळीस, साठ, पस्तीस, पुन्हा साठ. गेटसमोरच्या ठेल्यावरचे तर्री पोहे अन् चहा, नुसत्या ऑगस्टचे १,१४० निघाले! बायकोनं वही पाहिली, बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात पोहे होते.

झोप उडाली ती मात्र ईएसआयमुळे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यामुळे. पगार २१,००० च्या वर गेला की त्यातून बाहेर. सहामाही सप्टेंबरला संपते, तोवर वर्गणी कापतील. उपचार पुढच्या जूनपर्यंत मिळतील. आई ६१ ची, शुगर-बीपी दोन्ही. तिच्या गोळ्या आजवर फुकट मिळत होत्या, त्यामुळे त्यांची किंमतच मला माहीत नव्हती.

इकडे गल्लीत २,००० ची भिशी सुरू होते आहे. बायको म्हणते घेऊ, भरावीच लागते म्हणून पैसा तरी साठतो. मला पोस्टाची आरडी बरी वाटते. आधी काय करू: आईची आरोग्य विम्याची पॉलिसी, की अडीअडचणीची रक्कम?

प्रतिसाद
भाऊ, आधी पॉलिसी. जुन्या आजाराचा खर्च मिळायला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून जूनची वाट पाहू नका. फॉर्मवर शुगर-बीपी लपवू नका, एजंट काहीही म्हणो. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, पाच लाखांपर्यंत; पण ती ठरलेल्या उपचारांना, दवाखान्यात भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकानात चिठ्ठी दाखवा, फरक दिसेल. आरडी १०० रुपयांपासून निघते, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापून जाऊ द्या. भिशी वाईट नाही, पण कोणी मधेच पळालं तर तक्रार कुठं करणार?

धागाकर्ता
आभार दादा. आज विचारून आलो, पॉलिसीचे वर्षाचे १९,४०० सांगितले, म्हणजे महिन्याला सोळाशेच्या वर. आरडी सध्या शंभराचीच काढतो, एसी फिटला की वाढवीन. भिशीवाल्या काकूंना नाही म्हणायचं काम बायकोकडे दिलं आहे, ती अजून हो म्हणालेली नाही.