नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) भाषांमधल्या दिशांची नावं कुठून आली?

शब्दखुणा: डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये नोर्द, ओस्त, वेस्त असे शब्द आहेत. हे होकायंत्राबरोबर आले की आधीचे? आणि आइसलँडच्या जुन्या गाथांमध्ये 'उतनोर्द्र' येतो. शब्दशः अर्थ 'बाहेरची उत्तर', पण संदर्भात वायव्य दिशा निघते. असं का?

पूर्वाभिमुख: होकायंत्राच्या कितीतरी आधीचे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या भाषांच्या मध्ययुगीन पूर्वजभाषेत, नोर्द्र (उत्तर), सुद्र (दक्षिण), औस्त्र (पूर्व), वेस्त्र (पश्चिम) अशी रूपं आहेत. 'औस्त्र' आणि आपली 'उषा' एकाच मुळातून आलेल्या. 'वेस्त्र'चं नातं लॅटिन 'वेस्पेर'शी, म्हणजे संध्याकाळशी लावतात. 'सुद्र' सूर्याच्या शब्दाशी जोडतात. त्यात मुळात 'न' होता, तो पुढच्या व्यंजनाआधी गळला. पण 'सुन्नान' (दक्षिणेकडून) या रूपात आणि डेन्मार्कच्या सोनरबोर्ग या गावाच्या नावात तो अजून आहे.

खरी गंमत 'नोर्द्र'ची. त्याचं मूळ 'खाली' किंवा 'डावीकडे' या अर्थाचं मानतात; इटलीतल्या प्राचीन उंब्रियन भाषेत 'नेर्त्रु' म्हणजे डावा. उगवतीकडे तोंड करून उभे राहिलात की उत्तर डाव्या हाताला येते. आपल्या 'दक्षिण'चा मूळ अर्थ 'उजवा', तोही असाच उभं राहून ठरलेला.

किनारा: 'उत' म्हणजे बाहेर, समुद्राकडे, 'लांद' म्हणजे जमिनीकडे. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वेला जमीन, पश्चिमेला पाणी. म्हणून लांदनोर्द्र ईशान्य, उतनोर्द्र वायव्य, लांदसुद्र आग्नेय, उतसुद्र नैर्ऋत्य. नॉर्वेतून गेलेल्या वसाहतकऱ्यांनी हे शब्द आइसलँडला नेले. तिथे चहूकडे समुद्र, तरी नैर्ऋत्येच्या वाऱ्याला आजही 'उतसिन्निंगुर' म्हणतात.

गाथा वाचताना '-आन' प्रत्ययाला जपा. नुसतं 'नोर्दान' म्हणजे उत्तरेकडून, पण 'फिरिर नोर्दान' म्हणजे अमुक ठिकाणाच्या उत्तरेला. इथे चुकलात तर गाथेतला माणूस उलट्या बाजूला जाऊन पोचतो.

शब्दखुणा: मग ग्रीनलँडमधली नॉर्स लोकांची जुनी 'पूर्व वस्ती' नकाशावर दक्षिणेला कशी?

किनारा: तो किनारा दक्षिण टोकापासून वायव्येकडे वर जातो. 'पश्चिम वस्ती' आजच्या नूक या राजधानीजवळच्या फ्योर्डांत (जमिनीत आत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांत) होती, 'पूर्व वस्ती' तिच्या आग्नेयेला शेकडो किलोमीटरवर. दोन्ही पश्चिम किनाऱ्यावरच. 'पूर्व' वाचून पुढे कित्येकांनी ती वस्ती ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर शोधली. ही नावं एका वस्तीपासून दुसरी कुठे, एवढंच सांगतात. बेटाची बाजू त्यांवरून ठरवू नका.