गडद काळ्या-पांढऱ्या 'न्वार' शैलीत चित्रकथा काढायला कसे शिकावे?

खानापूरवासी:

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे आणि सुटीच्या दिवसांत चित्रे काढते. शालेय वयात चित्रकलेच्या परीक्षा दिल्यामुळे मानवाकृती आणि यथार्थदर्शन यांची ओळख आहे. सध्या मी एक रहस्यप्रधान चित्रकथा काढायला घेतली आहे. भर पावसात, रात्रीच्या गाडीने लोंढा स्थानकावर उतरलेला एक माणूस आणि त्याची वाट पाहणारे एक जुने कौलारू घर, एवढ्यावर ती उभी आहे. ही कथा 'न्वार' शैलीत, म्हणजे जुन्या अमेरिकी गुन्हेपटांसारख्या गडद छायाप्रकाशात, करड्या छटा न वापरता केवळ निखळ काळ्या आणि निखळ पांढऱ्या रंगात सांगावी अशी माझी फार इच्छा आहे.

अडचण अशी की, पेनाने आकृत्या काढून झाल्यावर मी सावल्या भरते तेव्हा जवळून प्रत्येक वस्तू नीट दिसते. परंतु पान हातभर लांब धरले की सारे एकमेकांत मिसळते आणि पाहणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. नेमके काय काळे करावे आणि काय पांढरे सोडावे, हे कसे ठरवतात? सराव कशाचा करावा? साधने कोणती घ्यावीत, की थेट टॅबलेटवरच शिकावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

दौत आणि कुंचला:

ताई, आपण लिहिलेला क्रमच उलटा करून पाहावा असे मी सुचवेन. आपण आधी वस्तू काढता आणि मग तिच्यावर सावली चढवता. या शैलीत काळ्याचा आकार रेषेच्या आधी ठरतो आणि एकदा तो ठरला की निम्म्या रेषांची गरजच उरत नाही. गडद कपड्यांतला माणूस अंधाऱ्या भिंतीला टेकून उभा असेल तर त्याच्या पाठीची कड काढू नये. भिंत आणि पाठ मिळून एकच काळा आकार होऊ द्यावा. चेहऱ्याची उजेडातली बाजू आणि सदऱ्याची कॉलर एवढे दिसले की उरलेला माणूस वाचकाचा डोळा आपोआप पुरा करतो. हा विश्वास बसायला वेळ लागतो, कारण शाळेत आपल्याला प्रत्येक वस्तूला पूर्ण बाह्यरेषा द्यायला शिकवलेले असते.

सरावासाठी काडेपेटीएवढ्या चौकटी आखाव्यात आणि पेन्सिल बाजूला ठेवून जाड मार्करने थेट काळे आकार मांडावेत. मार्कर जाड असल्यामुळे डोळे, बटणे, कौलांच्या रेघा असले काही काढताच येत नाही, आणि तोच त्याचा उपयोग आहे. चौकटीत प्रकाश एकाच ठिकाणाहून येतो असे ठरवावे आणि तो दिवा किंवा खिडकी चौकटीबाहेर असली तरी कागदावर तिची दिशा बाणाने दाखवावी. मग प्रत्येक पृष्ठभागाला एकच प्रश्न विचारावा: हा प्रकाशाकडे तोंड करून आहे की पाठ? खरी कसोटी मधल्या छटांची असते. करडी भिंत, ओला रस्ता, खाकी पोशाख यांना काळ्याकडे ढकलायचे की पांढऱ्याकडे, हे निसर्ग ठरवत नाही, कथा ठरवते. त्या चौकटीत वाचकाने पहिल्यांदा काय पाहावे ते निश्चित करावे, त्याच्या कडेला सर्वांत तीव्र विरोध ठेवावा आणि बाकीचे त्याच्या सोयीने काळे किंवा पांढरे करावे. म्हणून तीच खाकी पँट एका चौकटीत काळी आणि पुढच्या चौकटीत पांढरी दिसली तरी काही बिघडत नाही.

या पद्धतीचा उगम समजून घेतला तर तिचा तर्कही समजतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात नोएल सिकल्स आणि त्याच्यासोबत एकाच स्टुडिओत काम करणारा मिल्टन कॅनिफ यांनी दैनिकांतल्या चित्रमालिकांमध्ये ब्रशने सावल्यांचे मोठे ठोकळे टाकायला सुरुवात केली. रोज नवी पट्टी द्यायची आणि ती वर्तमानपत्राच्या साध्या कागदावर छापली जायची, अशा कामात बारीक रेघोट्यांपेक्षा हे ठोकळे वेळही वाचवत आणि छपाईतही टिकत. पुढे १९४० पासून विल आयस्नर यांनी पाऊस, जिने आणि रस्त्यावरचे दिवे यांतून शहराची रात्र उभी केली. दक्षिण अमेरिकेतले आल्बेर्तो ब्रेच्चा आणि त्यांच्याकडे शिकलेले होसे मुन्योस यांनी काळ्याला अधिक खडबडीत, अस्वस्थ रूप दिले. फ्रँक मिलर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'सिन सिटी' या चित्रकथेत तर कित्येक ठिकाणी रेषा जवळजवळ उरलीच नाही. यांची पाने पाहताना चित्र उलटे धरून पाहावे. डोके-हात ओळखू येईनासे झाले की काळ्याची मांडणी तेवढी दिसू लागते.

चित्रपटांतही हेच तत्त्व होते. मुख्य दिव्यामुळे पडणाऱ्या सावल्या उजळण्यासाठी एरवी दुसरा, मंद दिवा लावतात. न्वार चित्रपटांचे छायाचित्रकार तो अगदी मंद ठेवत किंवा लावतच नसत. घरी हा प्रयोग सहज करता येतो. रात्री खोलीतले दिवे मालवावेत, घरातल्या कोणाला तरी समोर बसवावे आणि मोबाइलची बॅटरी आधी बाजूने, मग खालून, मग डोक्यामागून धरून चेहरा बघावा. बाजूने व जरा वरून प्रकाश धरला की पलीकडच्या गालावर उजेडाचा एक त्रिकोण उरतो. तो त्रिकोण, नाकाची सावली आणि डोळ्याच्या खोबणीतला काळा हे तीन आकार बरोबर पडले की चेहरा ओळखू येतो.

एक आग्रहाची विनंती. बाहेरच्या चित्रांतून लांब कोट, वाकवलेली हॅट आणि आडव्या पट्ट्यांचे पडदे उचलून आणू नका. लोंढ्याच्या पावसात घोंगडीची खोळ घेतलेला माणूस पाठमोरा काढला तर त्याच्याइतकी ठाम काळी आकृती दुसरी नाही. खिडकीचे उभे गज जमिनीवर ज्या सावल्या टाकतात त्या कोणत्याही पडद्याच्या सावलीला कमी नाहीत. आणि आपल्या कौलारू घरांत छपरात एखादे काचेचे कौल बसवलेले असते; अंधाऱ्या माजघरात त्यातून उतरणारा उजेडाचा तिरपा पट्टा तर या शैलीसाठीच घडवल्यासारखा आहे.

शहापूरकर:

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र जाड मार्करवर फार काळ थांबू नये असे वाटते, कारण ब्रश हातात बसायला महिने लागतात आणि तो सराव लवकर सुरू झालेला बरा. दोन किंवा तीन नंबरचा, टोक नीट जुळणारा गोल ब्रश घ्यावा. शाई जलरोधक काळी ड्रॉइंग इंक असावी. कॅमलची बेळगावात सहज मिळते. ही शाई वाळली की पाण्याने सुटत नाही, म्हणून ब्रश काम चालू असतानाही मधूनमधून धुवावा, नाहीतर केसांच्या मुळाशी ती साठते आणि टोक कायमचे फाटते. फाउंटन पेनात ती कधीही भरू नये. कागद गुळगुळीत आणि जाड हवा. ब्रिस्टल मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास आयव्हरी कार्ड चालते. तुमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडा ठेवलेला कागद ओल धरतो आणि शाईची कड फुटते, तेव्हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा. मोठे काळे भाग अगदी शेवटी भरावेत आणि वाळेपर्यंत पान आडवेच असू द्यावे.

टॅबलेटबद्दल माझे मत सावध आहे. त्यावर चूक एका बोटाने पुसली जाते, त्यामुळे निर्णय लांबणीवर टाकण्याची सवय लागते, आणि ही शैली तर निर्णयाचीच आहे. तपासणीसाठी मात्र यंत्राची मदत जरूर घ्यावी. पानाचा फोटो काढून तो निव्वळ काळ्या-पांढऱ्यात बदलणारी सोय बहुतेक मोफत ॲपमध्ये असते. त्यात जे करडे भाग फुटून डाग होतात, तेच भाग आपण ठरवायचे टाळलेले असतात.

आणखी एक गोष्ट नमूद करतो. बेळगावात जन्मलेले आणि कलाशिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्याकडे घडलेले चित्रकार रवी परांजपे यांची बोधचित्रे अवश्य पाहावीत. त्यांची नक्षीदार शैली न्वारपासून बरीच दूर आहे, तरीही चित्रातल्या गडद आणि उजळ भागांची वाटणी किती विचारपूर्वक करता येते हे त्यांतून शिकता येते. माझ्या मते परदेशी पानांच्या नकला करण्याआधी हा अभ्यास व्हायला हवा.

निपाणीची अक्षरे:

चित्राविषयी वर पुरेसे आले आहे. मी अक्षरलेखनाविषयी लिहितो, कारण मराठी चित्रकथांत पान बहुधा तिथेच कोसळते. इंग्रजी कॉमिकमध्ये सर्व अक्षरे मोठ्या लिपीत आणि एका उंचीची असतात, त्यामुळे ओळी जवळजवळ बसवता येतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. तेवढे अंतर ओळींमध्ये ठेवले नाही तर खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारात शिरतो. शिवाय शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळ एक आडवी काळी पट्टी बनते. गर्द काळ्या चौकटीत अशा चार-पाच पट्ट्यांचा संवादाचा फुगा ठेवला की तो चित्राशी झुंजू लागतो. म्हणून संवाद तोडावेत, एका फुग्यात दोन-तीन छोट्या ओळीच ठेवाव्यात आणि फुग्याची जागा पहिल्या कच्च्या आराखड्यातच पांढरा आकार म्हणून धरावी. फुगा हा चौकटीतला एक दिवाच आहे असे समजून मांडणी केली तर तो उपरा वाटत नाही.

काळ्यावर पांढरी अक्षरे लिहायची असतील तर रेघ नेहमीपेक्षा जाड ठेवावी, कारण छापताना शाई पसरते आणि 'ध', 'थ', 'श्र' यांच्यातल्या बारीक पोकळ्या बुजतात. आपल्या भागातल्या कथेत कानडी पाट्या येणारच. स्थानकाच्या फलकावरची कानडी अक्षरे गोलाकार आणि शिरोरेषेविना असतात. देवनागरी मजकुराच्या शेजारी ती फार सुंदर दिसतात, तेव्हा त्या पाट्या टाळू नका आणि कशाही खरडूही नका. कानडी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या.

खानापूरवासी:

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काचेच्या कौलाचा उल्लेख वाचून मी ती चौकट लगेच काडेपेटीच्या आकारात मांडून पाहिली. माजघर पूर्ण काळे, वरून उतरणारा पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या थोडे बाहेर झोपाळ्यावर बसलेली म्हातारी. आता दोन शंका आहेत. म्हातारी अंधारात असल्यामुळे दिसेनाशी होते, आणि तिच्या भोवती पांढरी रेषा काढली तर ती कापून चिकटवल्यासारखी वाटते. दुसरे असे की, पट्ट्याची कड सरळ पट्टीने आखलेली असावी की ब्रशने थोडी तुटक ठेवावी?

दौत आणि कुंचला:

म्हातारीला रेषा देऊ नये, उजेड द्यावा. पट्टा जमिनीवर पडतो तिथून तो परावर्तित होतो, विशेषतः जमीन फरशीची किंवा शहाबादीची असेल तर, आणि तो उजेड खालून वर येतो. म्हणजे हनुवटीचा खालचा भाग, झोपाळ्यावर टेकलेल्या हाताची बोटे आणि लुगड्याच्या दोन-तीन चुण्यांच्या खालच्या कडा एवढेच पांढरे सुटेल. खालून आलेला उजेड चेहऱ्याला अनोळखी करतो, आणि आपल्या कथेत ती म्हातारी आलेल्या माणसाची वाटच पाहत असेल तर तो परिणाम हवाच आहे. दुसरा मार्ग म्हणजे झोपाळा जरा सरकवून म्हातारी पट्ट्याच्या पुढे आणावी, म्हणजे मागे पांढरे आणि पुढे तिची काळी बाजू दिसेल. दोन्ही लहान आकारात मांडून पाहा. पहिल्यात तिच्या मनात काय आहे याची चाहूल लागते, दुसऱ्यात फक्त ती तिथे आहे एवढे कळते. कथेच्या कोणत्या पानावर ही चौकट येते त्यावर निवड ठरेल.

पट्ट्याची वरची, कौलाजवळची कड पट्टीने आखावी आणि जमिनीकडे येताना ब्रश जवळजवळ कोरडा करून ती तुटू द्यावी, कारण जुन्या घरांत चुलीचा धूर आणि धूळ असते आणि प्रकाश खाली येईपर्यंत पसरतो. झोपाळ्याच्या कड्या जिथे पट्टा ओलांडतात तिथे काळ्या आणि जिथे अंधारात जातात तिथे पांढऱ्या कराव्यात. हा बदल काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरच, एका कडीच्या आत व्हायला हवा. पांढऱ्या कड्या नंतर पोस्टर रंगाने न काढता काळे भरताना कागदच कोरा सोडावा, त्यांची कड अधिक स्वच्छ येते. चौकट झाली की येथे अवश्य टाका. लोंढा स्थानकाच्या फलाटावरची चौकट मांडाल तेव्हा छपराच्या पत्र्यावरून ओघळणाऱ्या पावसाबद्दल स्वतंत्रपणे विचारा, कारण पांढऱ्या पावसाची रेघ काळ्यावर कशी सोडायची यावर बरेच लिहिण्यासारखे आहे.