अर्टिगाला मागे हिचवर (गाडीखाली मागच्या बाजूला बसवतात त्या लोखंडी जोडावर) बसणारा सामानाचा कॅरियर, कुणी लावलाय का?

मंडळी, जरा मदत हवी आहे. गणपतीला गावी जायचंय, सातजण, आणि अर्टिगाची तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. गेल्या वर्षी टपावर कॅरियर लावला तर ताम्हिणीत ताडपत्री सुटून फडफडायला लागली, भर पावसात गाडीवर चढून दोऱ्या आवळल्या, आईच्या साड्यांचं काय झालं ते विचारू नका.

म्हणून आता मागे हिचवाला बघतोय. वाचलं त्याप्रमाणे हिचचं चौकोनी तोंड सव्वा इंची किंवा दोन इंची असतं आणि कॅरियर त्याच मापाचा लागतो, शिवाय हिचवर उभं किती वजन चालतं त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं, म्हणजे लोखंडीच वीस-पंचवीस किलोचा असला तर सामानाला उरतं काय? माझ्या गाडीला हिचच नाहीये, आधी तोच बसवावा लागेल.

पुण्यात चासीला नट-बोल्टने हिच नीट बसवून देणारा कुणी माहितीये का? नुसतं बंपरला वेल्डिंग मारणारा नको. आणि नंबरप्लेट, टेललाइट झाकले जातात त्याचं काय केलंत? स्पीडब्रेकरला मागून घासतं का?